पाच कोटी एकरांचा पुरावा

उन्हाळ्यात कॅलिफोर्निया पेटली की आमच्या परिचयातल्या एका विद्वानांची कळी खुलते. ते लगेच आकडे म्हणून दाखवतात: १९३० साली अमेरिकेत ५ कोटी २० लाख एकर जळाले, ज्या २०२० सालाचा एवढा गवगवा झाला, त्या साली जेमतेम १ कोटी. म्हणजे वणवे पाचपटीने घटले. तेव्हा हवामानबदल ही शास्त्रज्ञांनी अनुदानासाठी उठवलेली आवई. वर पुरवणी अशी, की आगी माणसेच लावतात आणि साऱ्या जगातले जळिताचे क्षेत्रही कमीच होत आहे. एवढेच त्यांचे म्हणणे. याहून खोल काही असेल, तर ते त्यांनी अद्याप उघड केलेले नाही.

आधी त्या ५ कोटी २० लाखांकडे बघू. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या दोन तृतीयांशांहून जास्त भरते. १९१० च्या ऑगस्टमध्ये आयडाहो-मोंटानाच्या डोंगरांत दोन दिवसांत सुमारे ३० लाख एकर जळाले, ऐंशीहून अधिक माणसे मेली. त्या आगीने अमेरिकेच्या वनखात्याचे धोरण पुढची कित्येक दशके ठरवले. तिच्यावर आजही पुस्तके निघतात. मग तिच्या सतरापट क्षेत्र ज्या वर्षी जळाले, त्या १९३० ची अशी एकही आठवण अमेरिकनांपाशी का नसावी? हा प्रश्न विद्वानांना कधी पडला नाही. पडला असता तर आकडे पाठ करण्याची हौस जरा ओसरली असती.

उत्तर दक्षिणेकडच्या राज्यांत सापडते. फ्लोरिडा, जॉर्जिया, मिसिसिपीतले शेतकरी आणि गुरेवाले पाइनची राने दरवर्षी स्वतःच पेटवत. गुरांना कोवळे गवत मिळावे, साप-गोचिडी मराव्यात, पाचोळा साचू नये, हा हेतू. जमिनीलगतची, मंद आग. थोरली झाडे उभीच राहत. लाँगलीफ पाइनला तर अशी आग मानवते. हे थांबावे म्हणून १९२८ पासून ट्रकवर सिनेमाचे यंत्र चढवून प्रचारक गावोगाव हिंडले. लोकांनी सिनेमा आवडीने पाहिला आणि रानेही जाळली. त्या काळच्या तक्त्यांत ‘संरक्षित’ आणि ‘असंरक्षित’ जमिनींची नोंद वेगळी असे. जळिताचा फार मोठा भाग असंरक्षित जमिनींवरचा, म्हणजे जिथे मोजायला कुणी नव्हते तिथला, अंदाजपंचे. शिवाय १९२४ च्या कायद्याने आगीपासून संरक्षणासाठी राज्यांना केंद्राचा पैसा मिळू लागला होता. असंरक्षित जमिनीवरचे जळीत जितके मोठे, तितकी पैशाची मागणी सयुक्तिक. हा संशय माझा; पण अनुदानाचा वास दुसरीकडे घेणाऱ्यांना तो इथेही यायला हरकत नसावी.

आपल्या कोकणात भातापूर्वी राब भाजतात. उद्या कुणी ते सगळे क्षेत्र वणव्यांच्या खात्यावर टाकले आणि पुढे राब मोजणे बंद करून ‘वणवे आटोक्यात आले’ म्हणून पेढे वाटले, तर काय म्हणाल? अमेरिकेत नेमके हेच झाले आहे. फ्लोरिडात आजही वर्षाला २० लाख एकरांच्या आसपास रान परवाना घेऊन, ठरवून जाळले जाते. वणव्यांच्या आकड्यांत ते धरत नाहीत. आकडेवारी ठेवणारे बॉइझीचे राष्ट्रीय अग्निकेंद्र त्या आकड्यांबरोबर स्वतःच बजावत असे, की १९८३ पूर्वीच्या आकड्यांची खातरजमा करता येत नाही, नंतरच्यांशी त्यांची तुलना करू नये. विद्वान आकडे घेतात, इशारा तिथेच ठेवतात.

यांच्याशी आमचा हा वाद पहिला नव्हे. भारताचे वनाच्छादन वाढल्याचे ऐकून ते असेच हरखले होते. एक हेक्टर जमीन आणि दहा टक्के छत्र एवढे भरले की आमराईही त्या हिशेबात वन ठरते, हे सांगितल्यावर त्यांनी विषय बदलला. आता यांच्यासारखाच, पण उलट्या दिशेने घसरणारा माणूस घ्या. नोव्हेंबर २०२० ते जून २०२१ या एकाच हंगामात भारतीय वन सर्वेक्षणाच्या मोजणीत एका उपग्रहीय संवेदकाने जंगलातल्या ५२,७८५ आगी टिपल्या, दुसऱ्याने ३,४५,९८९. रान तेच, महिने तेच. पहिल्याची नजर एक किलोमीटरची, दुसऱ्याची ३७५ मीटरची. पहिल्याच्या जुन्या आकड्यापुढे दुसऱ्याचा नवा ठेवून ‘देश जळतोय’ म्हणून ऊर बडवणारेही मला भेटले आहेत. त्यांनाही हाच लेख लागू.

विद्वानांचे बाकीचे मुद्दे थोडक्यात. आगी माणसे लावतात, हे खरे; पण जळीत कमी होते त्या १९८५ सालीही काडी होतीच. जगातले क्षेत्र घटले ते मुख्यतः आफ्रिकेच्या गवताळ रानांत शेती शिरली म्हणून. त्याने कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडातली झाडे वाचत नाहीत.

मग खरे काय? एकाच पद्धतीने मोजलेली वर्षे घेतली, तर अमेरिकेत १ कोटी एकरांची मर्यादा तीनदाच ओलांडली गेली: २०१५, २०१७, २०२०. आगींची संख्या वाढलेली नाही, क्षेत्र वाढले आहे. पश्चिमेकडच्या जंगलांत १९८४ ते २०१५ या काळात जे जळाले, ते तापमानवाढ नसती तर साधारण निम्मे असते, असा २०१६ च्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. प्रत्येक आग दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत विझवायची, या १९३५ च्या हुकुमाने रानात सरपण साठले, हेही तितकेच खरे. पण यातले दुसरे कारण पुढे करून पहिले नाकारता येत नाही; साठलेले सरपण कोरडे पडते ते उष्णतेनेच.

यावर उपाय म्हणजे पश्चिमेतही ठरवून जाळणे. तिथे धुराच्या तक्रारी आहेत, तीव्र उतार आहेत, रानात घुसलेली घरे आहेत. २०२२ साली न्यू मेक्सिकोत वनखात्याने स्वतः लावलेल्या आगी हाताबाहेर गेल्या आणि ३ लाखांहून अधिक एकर भस्म झाले. तरीही जाळावे लागेलच, आणि हवा गार व दमट असेल अशा मोजक्या दिवसांतच. ते दिवस कमी होत चालले आहेत.