सुताची चिमटी

मुलांनो, आज वाचायला बसण्याआधी एक काम करा. देवघरातला वातीचा थोडा कापूस मागून आणा. आजी विचारतील कशाला, तर सांगा, अभ्यासाला. खोटं नाही ते.

आणलात? आता कापसाचा बोटाएवढा लांब पुंजका दोन्ही हातांच्या चिमटीत धरा. पहिल्यांदा दोन चिमट्या अगदी जवळ ठेवा, मध्ये जेमतेम एक सेंटीमीटर. ओढा बरं. निघत नाही ना? जोर लावला तर बोटं दुखतात, पण कापूस हटत नाही. आता चिमट्या चार बोटं लांब धरा आणि ओढा. कापूस मुकाट्याने सुटला आणि दोन तुकडे हातात आले. आता या दोन्हींच्या मधलं अंतर शोधा. थोडं थोडं मागेपुढे करत एक जागा अशी सापडते, की कापूस तुटतही नाही आणि अडतही नाही. नुसता सरकत सरकत बारीक होत जातो.

असं का होतं? कापसाचा एकेक तंतू आखूड असतो. आपल्याकडच्या सुताच्या कापसाचा तंतू साधारण अडीच ते तीन सेंटीमीटरचा. चिमट्या जवळ असल्या की एकाच तंतूची दोन टोकं दोन हातांत सापडतात, मग तो सरकणार कसा? चिमट्या फार लांब गेल्या की मधले तंतू कोणाच्याच हातात राहत नाहीत.

आता शेवटचा प्रयोग. अंतर बरोबर ठेवा, पण एका हाताची चिमटी सैल सोडा आणि ओढा. कापूस बारीक होतच नाही, सैल बोटांतून तसाच्या तसा निसटतो. म्हणजे नुसतं अंतर बरोबर असून भागत नाही, चिमटीचा दाबही बरोबर लागतो. तुमची आजी ही दोन्ही गणितं न मांडता सोडवते. वात वळताना तिची बोटं बघा एकदा.

जगातल्या प्रत्येक सूतगिरणीत हीच चिमटी आहे. फक्त तिथे बोटांच्या जागी रोलर असतात.

आमचं सोलापूर म्हणजे एके काळी गिरण्यांचं गाव. 1860 मध्ये इथे रेल्वे आली आणि कापूस-कोळशाची ने-आण सोपी झाली. पुढे मुंबईचे व्यापारी मोरारजी गोकुळदास यांनी 1874 मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी स्थापन केली. हीच ती 'जुनी मिल'. नंतर नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. त्यांचे भोंगे वाजले की शहराला किती वाजले ते कळायचं. घरात घड्याळ असो की नसो! त्या गिरण्या आज बंद आहेत. यंत्रमाग मात्र अजून चालतात, चादरी आणि टॉवेल निघतात. सोलापुरी चादरीला तर भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे.

मी शाळेत असताना आमच्या शेजारी एक काका राहायचे. एका गिरणीच्या रिंग खात्यात ते फिटर होते. रिंग खातं म्हणजे जिथे जाडसर वातीचं सूत होतं ते खातं. काका पाळीहून घरी आले की भुवयांवर पांढरी लव दिसायची, ती कापसाची. खोकलाही होता त्यांना कायमचा. कापसाच्या बारीक धुळीने फुफ्फुसांना होणाऱ्या त्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, हे मला फार उशिरा कळलं. काकांनी तेव्हा फक्त "गिरणीचा खोकला आहे रे" एवढंच सांगितलं होतं.

गिरणीच्या सुट्टीत एकदा त्यांनी मला यंत्र दाखवायला नेलं. लांबच लांब यंत्र, आगगाडीच्या डब्यासारखं. वर जाड वातीच्या बॉबिनी टांगलेल्या आणि खाली ओळीने चात्या. दोन्हींच्या मध्ये तीन रांगांत रोलर. प्रत्येक रांगेत खालचा रोलर पोलादाचा, त्यावर बारीक खाचा. वरचा रोलर कठीण रबराचं कव्हर चढवलेला. खालचा यंत्राने फिरतो, वरचा त्याच्यावर दाबून बसतो आणि त्याच्याबरोबर फिरतो.

"सांग बघू," काका म्हणाले, "मागचा रोलर मिनिटाला अर्धा मीटर वात आत घेतो, अन् पुढचा पंधरा मीटर बाहेर काढतो. कसं काय बे?"

मी म्हणालो, "वात ताणली जाते."

"किती पट?"

"तीसपट."

"मग झाली की तीसपट बारीक! आत्ता कळलं ना?"

गंमत बघा. मागचा रोलर हळू फिरतो, तो झाला तुमचा डावा हात. पुढचा भराभर फिरतो, तो उजवा. मधल्या रोलरवर चामड्यासारखे मऊ पट्टे असतात. आखूड तंतू इकडेतिकडे भरकटू नयेत म्हणून ते त्यांना अलगद धरून पुढे पोचवतात. (ही युक्ती स्पेनच्या फर्नांडो कासाब्लांकास यांची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची.) पुढच्या रोलरमधून बाहेर पडलेल्या त्या नाजूक झिरमिळीला चाती लगेच पीळ देते. चाती मिनिटाला हजारो फेरे घेते, म्हणून डोळ्यांना ती स्थिरच वाटते. हात मात्र लावायचा नाही!

आता येतो दाब. वरच्या रोलरवर किती जोर द्यायचा? कमी दिला तर तुमच्या सैल चिमटीसारखं होतं, वात न ताणताच निसटते आणि सुतात जाड गाठाळ तुकडे येतात. मग जास्तच द्यावा की! पण तसंही चालत नाही. जास्त दाबाने रबर लवकर झिजतं, बेअरिंगवर ताण येतो, यंत्र फिरवायला वीज जास्त लागते. रसवंतीवाल्याचा चरक आठवा. दोन लाटा सैल बसवल्या तर ऊस नुसताच पलीकडे जातो, रस निघत नाही. फार आवळल्या तर चरक अडतो.

हे गणित माणसाला एकदम सुटलं नाही. इंग्लंडमध्ये लुईस पॉल नावाच्या माणसाने 1738 मध्येच रोलरने सूत काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. कल्पना बरोबर होती, पण धंदा काही नीट चालला नाही. मग 1769 मध्ये रिचर्ड आर्कराइटने आपलं पेटंट घेतलं आणि 1771 मध्ये क्रॉमफर्डला पाण्यावर चालणारी गिरणी उभी केली. हा आर्कराइट मूळचा न्हावी, केसांचे टोप बनवायचा! त्याने तंतूंच्या लांबीला जुळेल असं रोलरमधलं अंतर ठेवलं आणि वरच्या रोलरवर वजनं टांगून दाब दिला. म्हणजे तुम्ही आत्ता कापसाशी जे खेळलात, तेच. मला विचाराल तर पॉलचं नाव पुस्तकांत थोडं मोठ्या अक्षरांत छापायला हवं. पण चालणारी गिरणी आर्कराइटची, हेही खरं.

वजनं टांगायची ही पद्धत पुढे फार वर्षं टिकली. रोलरवर आकडा, आकड्याला तरफ आणि तरफेच्या टोकाला बिडाचं वजन. दाब वाढवायचा असेल तर वजन तरफेवर सरकवायचं. बाजारातला जुना काट्याचा तराजू असतो ना, तसंच. पण यंत्राखाली शेकडो वजनं लोंबकळणार, त्यांच्यावर कापसाची लव साचणार, झाडताना कुठलं तरी वजन हलणार!

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिथे स्प्रिंगचा दांडा आला. एसकेएफ या बेअरिंगवाल्या कंपनीचा 'पेंड्युलम आर्म' त्यात नावाजलेला. दांडा वरून खाली आणून दाबला की खट्‌कन बसतो, आणि त्यातल्या स्प्रिंगा वरच्या तिन्ही रोलरना दाबून धरतात. एक दांडा दोन चात्या सांभाळतो. यातली खरी हुशारी म्हणजे छोट्या किल्लीने दाब बदलता येतो. पुढच्या रोलरला 10, 14 किंवा 18 किलो असे टप्पे असतात. वात जाड असेल, कापसात कृत्रिम धागा मिसळलेला असेल, तर दाब वाढवायचा. बारीक कापसाला कमी. कोणता टप्पा लावलाय ते खुणेच्या रंगावरून लांबूनच कळतं.

जरा हिशोब करू या. समजा एका यंत्राला 400 चात्या, म्हणजे 200 दांडे. एका दांड्याचे तिन्ही रोलर मिळून 38 किलो दाब. 200 गुणिले 38 म्हणजे 7600 किलो. जवळजवळ दोन हत्ती त्या रोलरांवर बसलेत म्हणायचे! आणि हे सगळं कशासाठी, तर केसाएवढ्या बारीक तंतूंनी नीट ओळीने चालावं म्हणून.

दोनशे दांड्यांतला एखादा बिघडला तर? स्प्रिंग थकली, दाब उतरला, तर फक्त दोन चात्यांचं सूत खराब होतं. पण त्या दोन बॉबिनी बाकीच्या तीनशे अठ्ठ्याण्णव बॉबिनींत मिसळतात. सूत मागावर जातं, चादर होते, आणि दोष दिसतो तो चादरीत. मग दुकानदार ओरडतो मागवाल्यावर, मागवाला गिरणीवर, गिरणीचा मास्तर फिटरवर.

अशा वेळी काका अगदी गुप्तहेर व्हायचे. प्रत्येक चातीचं सूत एका काळ्या पाटीवर एकाशेजारी एक असं गुंडाळायचं आणि उजेडात बघायचं. चांगलं सूत एकसारखं करडं दिसतं. वाईट सुतात जाड-बारीक ठिपक्यांची नक्षी उमटते. (तुम्हीही काळ्या पुठ्ठ्यावर शिवणाचा दोरा आणि गोधडीचा दोरा गुंडाळून बघा. आईची रिळं मात्र परत जागेवर ठेवा.) मग काका पट्टीने मोजायचे, दोष किती अंतरावर परत येतो?

समजा दर 9 सेंटीमीटरला येतोय. वरच्या रोलरचा व्यास 29 मिलिमीटर धरला, तर त्याचा घेर किती? 29 ला 3.14 ने गुणा. 91 मिलिमीटर, म्हणजे 9 सेंटीमीटरच! चोर सापडला. पुढच्या रोलरच्या रबराला कुठेतरी चपटा डाग पडलाय, आणि दर फेऱ्याला तो डाग सुतावर शिक्का मारतोय.

रबराला चपटा डाग पडतो कसा? हा भाग मला सगळ्यांत आवडतो. यंत्र चालू असतं तेव्हा रोलर फिरत असतो, दाब सगळीकडे सारखा वाटला जातो. पण यंत्र बंद करून दाब तसाच ठेवला, की रबराची एकच बाजू दिवसेंदिवस पोलादावर दाबलेली राहते. तिथे खड्डा पडतो. म्हणून गिरणी दिवाळीला चार-पाच दिवस बंद राहणार असेल, तर निघण्याआधी एकेक दांडा उचलून दाब उतरवायचा. दोनशे दांडे, खट् खट् खट्. एवढं केलं नाही, तर सुट्टीनंतर रोलर काढून सगळे घासायला न्यावे लागतात. हल्लीच्या काही यंत्रांत स्प्रिंगऐवजी दाबलेली हवा असते. एका ठिकाणी चावी फिरवली की अख्ख्या यंत्राचा दाब बदलतो, आणि यंत्र जास्त वेळ थांबलं तर दाब उतरवताही येतो. काकांना ते यंत्र बघायला आवडलं असतं.

त्यांची गिरणी एके दिवशी बंद झाली. फाटकावर नोटीस लागणार हे आदल्या पाळीलाच सगळ्यांना कळलं होतं. लोक घोळक्याने उभे होते. कुणी पगाराचं बोलत होतं, कुणी प्रॉव्हिडंट फंडाचं, कुणी काहीच बोलत नव्हतं. त्या रात्री काका नेहमीपेक्षा दीड तास उशिरा घरी आले. काकूंनी विचारलं, सभा होती का? ते म्हणाले, "नाही. दांडे उचलत होतो."

"सगळे?"

"माझ्या लायनीतले सगळे. उद्या उघडली तर रोलरला खड्डे नकोत."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या आणि मग भाकरी वाढायला उठल्या.

ती गिरणी उघडली नाही. काही वर्षांनी यंत्रं भंगारात गेली, वजनावर. काका पुढे एका यंत्रमागाच्या कारखान्यात लागले. तिथेही सुताची नवी पेटी आली की ते आधी चार वार दोरा काळ्या पुठ्ठ्यावर गुंडाळून बघायचे.

आता तुमच्यासाठी त्यांचंच एक कोडं. यंत्र तेच, ताण तीसपट, वरचे सगळे रोलर 29 मिलिमीटरचेच. पाटीवर दोष दिसतोय, पण तो 9 सेंटीमीटरला नाही, पावणेतीन मीटरच्या आसपास परत येतोय. चोर कुठला रोलर? एक खूण देतो, त्याने शिक्का मारला तेव्हा वात अजून ताणली गेलेली नव्हती. उत्तर पुढच्या अंकात. बाबांना विचारलंत तरी चालेल, पण आधी स्वतः गुणाकार करा.