कथा नेली, माती राहिली

मुंबई-बंगळुरू महामार्गालगतचे ताथवडे हे मूळचे मुळशी तालुक्यातील गाव. २००९ साली ते पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. शेजारी वाकड आणि पुनावळे, हाकेच्या अंतरावर हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान नगरी. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी जेथे शेतांचे बांध होते तेथे आज महाविद्यालयांची संकुले आणि उत्तुंग गृहसंकुले उभी आहेत. या स्थित्यंतराने अनेकांना सुबत्ता दिली. अनेकांच्या हातून मात्र आधी जमीन गेली, मग जमिनीचा आलेला पैसाही गेला, आणि घरात उरली ती कामाची सवय सुटलेली, मोटारीची आणि मानपानाची चटक लागलेली तरुण पिढी. ‘गुंठामंत्री’ हा हेटाळणीचा शब्द याच पट्ट्यात रुळला. त्या शब्दावर हसणे सोपे आहे. त्यामागची शोकांतिका समजून घेणे तितके सोपे नाही.

ही शोकांतिका मराठी पडद्यावर एकदा मांडली गेली आणि तीन वर्षांनी तीच कथा हिंदीत पुन्हा सांगितली गेली. पहिला चित्रपट ‘मुळशी पॅटर्न’, दुसरा ‘अंतिम’. दोहोंची कथा एकच. मग पहिला पाहून सुन्न झालेला प्रेक्षक दुसरा पाहून कोरडा का राहतो? या प्रश्नाचे उत्तर केवळ चित्रपटांपुरते मर्यादित नाही, म्हणून त्याचा विचार करावयास हवा.

प्रवीण तरडे हे स्वतः मुळशी तालुक्याचे. त्यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला ‘मुळशी पॅटर्न’ नोव्हेंबर २०१८ मध्ये प्रदर्शित झाला. जमीन विकून बसलेला शेतकरी बाप, त्याच्यावर शहरात येऊन मोलमजुरी करण्याची आलेली वेळ आणि ती मानहानी पाहत गुन्हेगारीकडे वळलेला मुलगा, हा त्याचा गाभा. मोहन जोशी यांनी रंगविलेला बाप आणि ओम भूतकर यांनी रंगविलेला राहुल यांच्यातील ताण हाच चित्रपटाचा कणा होता. तेथे पिस्तूल, टोळी, मारामारी हे सारे आहे. पण ते सारे एका सहीनंतर येते. खरेदीखतावर बापाने केलेली सही हे त्या कथेचे कारण आहे आणि पुढची हिंसा हा त्या कारणाचा परिणाम आहे. कारण आणि परिणाम यांची ही साखळी दिग्दर्शकाने कोठेही तुटू दिली नाही.

या कथेला इतिहासाचीही एक बाजू आहे. १९२१ साली याच मुळशी पेट्यातील शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. पुढे ‘सेनापती’ म्हणून ओळखले गेलेले पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले. ‘जान किंवा जमीन’ ही त्या लढ्याची घोषणा होती. १९२४ पर्यंत चाललेला तो लढा अपयशी ठरला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. पण जमीन म्हणजे केवळ मालमत्ता नव्हे, ती माणसाची ओळख आहे, ही जाणीव त्या लढ्याने मुळशीला दिली. ज्यांच्या पणजोबांनी जमिनीसाठी तुरुंग भोगला, त्याच भागातील पुढच्या पिढ्यांनी ती स्वेच्छेने, स्वतःच्या सहीने विकली. ‘मुळशी पॅटर्न’चा प्रेक्षक हे सारे पाठ करून चित्रपटगृहात गेला नव्हता. पण त्याच्या रक्तात ते होते, आणि म्हणून पडद्यावरच्या बापाची खाली गेलेली मान त्याला आपल्या घरातील वाटली.

‘अंतिम’ नोव्हेंबर २०२१ मध्ये आला. निर्मिती सलमान खान यांच्या संस्थेची आणि दिग्दर्शन महेश मांजरेकर यांचे. मूळ चित्रपटात मांजरेकरांची स्वतःची भूमिका होती. मूळ चित्रपटातील पोलीस अधिकारी उपेंद्र लिमये पुनर्निर्मितीतही होते, मात्र पोलिसाच्या भूमिकेत नव्हते. सचिन खेडेकरांसारखा कसलेला नट बापाच्या भूमिकेत होता. पुण्याची पार्श्वभूमीही कायम ठेवली होती. म्हणजे मूळ कृतीची जाण नसलेल्या माणसांनी हे काम केले, असे म्हणता येत नाही. माणसे जाणती होती, साधने विपुल होती, तरी परिणाम उणा पडला. दोष अन्यत्र शोधला पाहिजे.

तो दोष मांडणीच्या केंद्रात आहे. मूळ चित्रपटातील विठ्ठल कडू हा अधिकारी नावापासून बोलीपर्यंत या मातीतला होता. हिंदीत त्या जागी राजवीर सिंग हा शीख अधिकारी आला आणि ती भूमिका स्वतः सलमान खान यांनी केली. एवढा मोठा तारा पडद्यावर आला की कथेला त्याच्याभोवती फिरावेच लागते. त्याचा प्रवेश टाळ्यांसाठी रचावा लागतो, त्याची मारामारी लांबवावी लागते, नायकाशी त्याची झुंज हाच चित्रपटाचा विषय करावा लागतो. मग बाप मागे सरकतो, जमीन त्याहून मागे सरकते. बोलण्यात मधूनमधून मराठी शब्द पेरले म्हणून ती भाषा मुळशीची होत नाही. उरतो तो गुंड आणि पोलीस यांच्यातील सामना, जो हिंदी पडद्यावर गेली पन्नास वर्षे शेकडो वेळा झाला आहे. परिणाम ठेवला आणि कारण पुसले, हे या पुनर्निर्मितीचे मर्म आहे.

हे एकदाच घडले असते तर दुर्लक्ष करता आले असते. परंतु त्याआधी ‘सैराट’च्या बाबतीतही हेच घडले होते. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट एप्रिल २०१६ मध्ये आला आणि मराठी चित्रपटांच्या उत्पन्नाचे सारे विक्रम त्याने मोडले. करमाळा परिसरातील विहिरी, उसाचे फड, गावचे राजकारण, पाटलाची मुलगी आणि मासेमारी करणाऱ्या घरातला मुलगा यांच्यामध्ये उभी असलेली जातीची भिंत, या साऱ्यातून ती कथा उगवली होती. अकलूजच्या रिंकू राजगुरू या शाळकरी मुलीने उभी केलेली आर्ची कोणत्याही अभिनय-शिबिरात घडली नव्हती. जुलै २०१८ मध्ये आलेल्या ‘धडक’ने ही कथा उदयपूरच्या महालांत नेली. जातीचा उल्लेख ओझरता राहिला. तालेवार हॉटेलमालकाची मुलगी आणि साध्या घरातला मुलगा यांच्या प्रेमाला विरोध, एवढेच शिल्लक उरले. शेवटही बदलला. ‘सैराट’च्या अखेरीस आईबापांच्या रक्तात पाय भिजलेले मूल दाराबाहेर जाते आणि प्रेक्षकाला पुढची पिढी दिसते. ‘धडक’मध्ये मूल आणि पिता मरतात, नायिका उरते. धक्का दोन्हीकडे आहे, पण ‘सैराट’ने समाजाला विचारलेला प्रश्न दुसरीकडे नाही.

जातीच्या अहंकारावर बोट ठेवले की समाजाला झोंबते, हे खरे. पण ते झोंबणे आवश्यक असते. दुखणाऱ्या जागेला हात न लावता रोगाचे निदान होत नाही. ज्या चित्रपटाने हिंदू समाजातील एका जुन्या व्याधीकडे थेट पाहण्याचे धैर्य दाखविले, त्याची पुनर्निर्मिती करताना तेच धैर्य वगळायचे आणि गाण्याचा ठेका तेवढा ठेवायचा, याला रूपांतर म्हणत नाहीत. फुले तोडून नेऊन फुलदाणीत ठेवण्यासारखे ते आहे. दोन दिवस शोभा येते, मूळ धरत नाही.

येथे कोणी विचारील, मग रूपांतर करूच नये काय? तसे मुळीच नाही. मराठी चित्रपटाचा इतिहासच याच्या विरुद्ध साक्ष देतो. पुण्यातील प्रभात कंपनीने ‘कुंकू’ आणि ‘दुनिया न माने’ (१९३७), ‘माणूस’ आणि ‘आदमी’ (१९३९), ‘शेजारी’ आणि ‘पडोसी’ (१९४१) असे चित्रपट दोन्ही भाषांत केले. दिग्दर्शक एकच, व्ही. शांताराम. विषयाची तळमळही एकच. त्यामुळे हिंदी आवृत्ती ही मराठीची सावली झाली नाही. पुढे १९७२ साली शांतारामबापूंनी ‘पिंजरा’ केला, त्याचे बीज ‘द ब्लू एंजेल’ या १९३० च्या जर्मन चित्रपटात होते. परंतु तेथील प्राध्यापकाचा येथे आदर्शवादी मास्तर झाला, तेथील नृत्यगृहाचा येथे तमाशाचा फड झाला. डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर परका आहे असे कोणाही मराठी माणसाला आजवर वाटलेले नाही.

याहून बोलके उदाहरण ‘अशी ही बनवाबनवी’चे आहे. १९८८ सालच्या या चित्रपटाची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जींच्या ‘बीवी और मकान’ (१९६६) या हिंदी चित्रपटातील. मूळ कृती विस्मरणात गेली, मराठी रूपांतर मात्र तीन पिढ्यांनी पाठ केले. कारण भाड्याच्या खोलीसाठी वणवण करणारे तरुण आणि पुण्यातील घरमालक या गोष्टी पटकथेला बाहेरून चिकटविलेल्या नव्हत्या, त्या येथील रोजच्या जगण्यातून आल्या होत्या. म्हणजे रोप दुसऱ्या वाफ्यात लावता येते. त्यासाठी आधी खड्डा खणावा लागतो, नव्या मातीचे खत घालावे लागते, इतकेच.

हिंदी चित्रसृष्टीला हे ठाऊक नाही असे नाही. पण अलीकडची पुनर्निर्मिती बहुधा कलेच्या गरजेतून होत नाही, हिशेबातून होते. एका भाषेत यशस्वी झालेली कथा विकत घेतली की अपयशाचा धोका घटतो, त्यावर एखादा मोठा तारा बसविला की पहिल्या तीन दिवसांची विक्री पदरात पडते, असा हा हिशेब. ‘जंजीर’ (२०१३), ‘उमराव जान’ (२००६) आणि ‘शोले’वरून बेतलेला ‘राम गोपाल वर्मा की आग’ (२००७) या हिंदीतल्या हिंदीत झालेल्या पुनर्निर्मितींनी तो हिशेब फोल ठरविला होता. २०२२ आणि २०२३ मध्ये ‘जर्सी’, ‘विक्रम वेधा’, ‘सेल्फी’ आणि ‘शहजादा’ या दाक्षिणात्य चित्रपटांच्या हिंदी आवृत्त्यांकडे प्रेक्षकांनी पाठ फिरविली. मूळ चित्रपट आता घरबसल्या उपशीर्षकांसह पाहता येतो, मग नक्कल पाहण्यास पैसे कोण देणार? त्याच काळात ‘दृश्यम २’ चालला, कारण त्याच्या कर्त्यांनी मल्याळम कथेला गोव्यात खरोखर घर बांधून दिले होते. प्रेक्षक भाषांतराला कंटाळलेला नाही, निष्काळजीपणाला कंटाळला आहे.

मराठी समाजासाठी मात्र हा प्रश्न तिकीटखिडकीच्या पलीकडचा आहे. आज ताथवड्याच्या नव्या गृहसंकुलांत महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून आणि अन्य प्रांतांतून आलेली हजारो कुटुंबे राहतात. ज्या जमिनीवर त्यांचे घर उभे आहे ती कोणाची होती आणि ती देणाऱ्याचे पुढे काय झाले, हे त्यांना कोण सांगणार? मोठ्या जाहिरातीमुळे आणि हिंदीच्या पोहोचामुळे त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी ‘अंतिम’ आधी पोहोचतो. त्यातून त्यांना समजते ते एवढेच, की या भागात गुंड फार होते. शेतकरी होते, हे समजत नाही. एखाद्या प्रदेशाची कहाणी दुसऱ्याने सोयीने पुन्हा सांगितली आणि मूळ कहाणी मागे पडली, तर काही वर्षांनी त्या प्रदेशातील मुलेही स्वतःला त्याच आरशात पाहू लागतात. खरी हानी ती आहे.

मूळ चित्रपट सर्वथा निर्दोष आहे असेही नाही. त्यातील दरारा लक्षात ठेवून त्यातील शोक विसरणारा तरुण असू शकतो. म्हणूनच तो एकट्याने मोबाइलवर तुकड्या-तुकड्यांत पाहण्यापेक्षा घरातील वडीलधाऱ्यांबरोबर पाहावा. ज्या आजोबांनी सातबाऱ्यावरचे नाव कमी होताना पाहिले, त्यांना त्यानंतर दोन प्रश्न विचारावेत. गणेशोत्सवात हिंदी गाण्यांचा वाद्यवृंद आणणाऱ्या मंडळांनी एका संध्याकाळी उपशीर्षकांसह मूळ मराठी चित्रपट दाखविला, तर शेजारच्या अमराठी कुटुंबालाही आपण कोठे राहावयास आलो ते कळेल.

निर्मात्यांनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कथेचे हक्क विकणे ही जमीन विकण्यासारखीच गोष्ट आहे. पैसा एकदाच येतो. हक्क विकण्यापूर्वी मूळ चित्रपट हिंदी ध्वनिमुद्रणासह देशभर नेण्याचा प्रयत्न करणे अधिक हिताचे नाही काय? राज्य शासनाने एप्रिल २०१५ मध्ये बहुपडदा चित्रगृहांना मराठी चित्रपटांसाठी मोक्याची वेळ राखून ठेवण्यास सांगितले, तेव्हा मोठे वादळ उठले आणि ती वेळ दुपारी १२ ते रात्री ९ अशी सैल करण्यात आली. नियमाने पडदा मिळतो, खुर्च्या भरत नाहीत. त्या मराठी कुटुंबांनीच भरावयाच्या असतात, आणि त्याही पहिल्या आठवड्यात, मूळ चित्रपट चालू असताना. तीन वर्षांनी नक्कल पाहून हळहळण्यात अर्थ नसतो.

मुळशीच्या शेतकऱ्याने जमीन विकताना तिची किंमत गुंठ्यांत मोजली आणि तिचे मोल नंतर ओळखले. आपल्या कथांच्या बाबतीत मराठी समाजाने तीच चूक पुन्हा करू नये.