हमीभाव कोणाच्या पदरात?

परभणी जिल्ह्यातील पाथरी तालुका हा काळ्या जमिनीचा आणि कापसाचा मुलूख. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथे कापूस घरात येऊ लागतो. त्याच वेळी खताची उधारी, वेचणीची मजुरी आणि रब्बीचे बियाणे ही देणी शेतकऱ्याच्या दारात उभी राहतात. हमीभावाचा विचार या दारात उभे राहूनच करावा, असे आम्हांस वाटते.

२०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने मध्यम धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ७,७१० रुपये आणि लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. मात्र १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क माफ झाले. ही सवलत प्रथम सप्टेंबरअखेरपर्यंत होती, पुढे ती डिसेंबरअखेरपर्यंत वाढविण्यात आली. म्हणजे नवा कापूस बाजारात येण्याच्या काळातच परदेशी कापसाला दार मोकळे झाले. अमेरिकेच्या वाढीव करामुळे वस्त्रोद्योग अडचणीत आला होता आणि गिरण्यांतही पोटासाठी राबणारी माणसेच आहेत. त्यामुळे उद्योगाची मागणी अनाठायी होती, असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु एक भेद डोळ्यांआड करता येत नाही. उद्योगाला सवलत एका अधिसूचनेने मिळाली. शेतकऱ्याला मात्र हमीभावासाठी अनेक दारे ओलांडावी लागतात. प्रथम मोबाईलवर नोंदणी, मग सातबाऱ्यावर पिकाची नोंद आणि शेवटी ओलाव्याची मोजणी. ओलावा ८ टक्क्यांहून अधिक असल्यास भावात कपात होते. १२ टक्क्यांपलीकडे भारतीय कापूस निगम खरेदीच करीत नाही. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यातील शेते पाण्याखाली गेली; त्या ओल्या कापसाने ही अट कशी पाळावी? आणि जो बटईने शेती करतो, त्याच्या नावे तर सातबाराच नाही. अशा शेतकऱ्याने खेडा खरेदीच्या व्यापाऱ्याकडे जाऊन मिळेल तो भाव घेतला, तर दोष कोणाचा?

नियम नकोतच, असे आमचे म्हणणे नाही. नोंदणी नसेल तर व्यापाऱ्याचाच माल शेतकऱ्याच्या नावाने केंद्रावर जाईल. सर्व खरेदी शासनाने करावी, असेही आम्ही म्हणत नाही. १९७२ मध्ये सुरू झालेल्या कापूस एकाधिकार खरेदी योजनेचा तोटा आणि रखडलेले चुकारे जुन्या शेतकऱ्यांच्या स्मरणात आहेत. प्रश्न एवढाच की, नियमाचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो?

उपाय अवघड नाहीत. खरेदी केंद्रे पहिल्या वेचणीबरोबर उघडावीत. केंद्राजवळ कापूस वाळविण्यासाठी जागा द्यावी. जमीनमालकाच्या संमतीपत्रावर बटईदाराची नोंद व्हावी. ज्याला मोबाईल हाताळता येत नाही, त्याचा अर्ज ग्रामपंचायतीत भरून घ्यावा. हमी सर्वांत दुबळ्या शेतकऱ्यापर्यंत पोहोचली, तरच तिला हमी म्हणता येईल.