मीटरच्या पुढची जबाबदारी कोणाची?

इंदूरच्या जुन्या वाड्यांत विजेचा विषय निघाला की आपण बिलावर तासभर बोलतो, वायरिंगवर मात्र कोणी बोलत नाही. वाडा सामाईक, वाटणीचा दावा कोर्टात, मग खर्च कोणी करायचा? काका म्हणतात पुतण्याने, पुतण्या म्हणतो भाडेकरूने आणि सगळे मिळून म्हणतात वीज कंपनीने! आम्ही स्पष्टच सांगतो : मीटरपर्यंत कंपनी, मीटरच्या पुढे आपण.

लाकडी पट्टीवरचे ते वायरिंग दोन दिवे आणि एका पंख्यासाठी झाले होते. आज त्याच तारांवर गीझर चालतो. २३० व्होल्टवर २,००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपियर ओढतो. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते. त्यात फ्यूज वारंवार उडतो म्हणून जाड तार घालायची, हे शहाणपण कुठले? फ्यूज उडतो तो वायरिंग वाचवायला. तो उडेनासा केला की जळायची पाळी वायरिंगची.

'आमच्याकडे एमसीबी आहे' म्हणणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. एमसीबी तारेची राखण करते, माणसाची नव्हे. अंगातून अर्ध्या अँपियरहून कमी प्रवाह गेला तरी प्राण जाऊ शकतो. १६ अँपियरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. त्यासाठी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी हवी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा ती ताळा घेते. फरक पडला की क्षणात वीज तोडते. जोडीला खरे अर्थिंग हवे. थ्री-पिनची मोठी पिन शोभेची नाही. नर्मदेचे पाणी सुटले की ओल्या फरशीवर उभी राहून मोटर लावते ती आपलीच आई, आपलीच सून.

पैसे नाहीत, ही सबब आम्हाला पटत नाही. गणपतीच्या रोषणाईला ते निघतातच. दावा चालू राहू द्या. खर्च हिश्श्याप्रमाणे लेखी मांडून ठेवा आणि वाटणीच्या वेळी वळता करा. कोर्टाची तारीख पुढे जाते, शॉर्ट सर्किट तारीख देत नाही.

आमची मागणी एवढीच : येत्या वार्षिक सभेत ठराव व्हावा. परवानाधारक ठेकेदाराकडून आधी आपल्या सभागृहाचे वायरिंग तपासून घ्यावे, अहवाल फलकावर लावावा, मग सभासदांच्या वाड्यांची यादी करावी. शाल-श्रीफळाचे ठराव दरवर्षी होतात. या वर्षी हाही व्हावा.