युद्धविरोधी कवितेची किंमत

सिगफ्रीड ससून आणि विल्फ्रेड ओवेन यांच्या युद्धविरोधी कविता आज ब्रिटनमधील शाळांतून शिकवल्या जातात. त्यामुळे या कवितांना आरंभापासून मान्यता होती, असा समज होणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती निराळी आहे.

१९१४ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटिश सरकारने नामवंत लेखकांना लंडनमधील वेलिंग्टन हाउस येथे पाचारण करून त्यांचे प्रचारकार्यात साहाय्य मागितले. त्याच वर्षीच्या ‘डिफेन्स ऑफ द रेल्म’ कायद्याने वृत्तपत्रांवर बंधने आली. ‘डेली मेल’सारख्या प्रचंड खपाच्या दैनिकात जेसी पोप यांची सैन्यभरतीला उत्तेजन देणारी पद्ये प्रसिद्ध होत. खंदकातून आलेल्या ससून यांच्या बोचऱ्या कवितांना मात्र आसरा मिळाला तो प्रामुख्याने ‘केंब्रिज मॅगेझिन’ या छोट्या साप्ताहिकाचा. सी. के. ऑग्डेन यांनी १९१२ मध्ये काढलेल्या या पत्रात शत्रुराष्ट्रांतील वृत्तपत्रांचे उतारेही इंग्रजीत दिले जात.

जुलै १९१७ मध्ये, मिलिटरी क्रॉस मिळवलेल्या या अधिकाऱ्याने युद्ध हेतुपुरस्सर लांबवले जात असल्याचा जाहीर आरोप केला. सिल्व्हिया पँकहर्स्ट यांच्या ‘वर्कर्स ड्रेडनॉट’ने ते निवेदन २८ जुलैच्या अंकात छापले. ‘टाइम्स’मध्ये ते ३१ जुलैला आले, आदल्या दिवशी पार्लमेंटमध्ये वाचले गेल्यानंतर. पार्लमेंटचे कवच मिळाल्यावर छापणे आणि ते नसताना छापणे, या दोहोंत जो फरक आहे तोच या विषयाचा गाभा होय.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता, मतभेदाचा लाभ साऱ्या समाजाला मिळतो. त्याचा खर्च मात्र तो छापणाऱ्या एकट्यादुकट्याला सोसावा लागतो. हा खर्च केवळ कागद आणि शाईचा नव्हता. १९१७ मध्ये ‘नेशन’ या साप्ताहिकाचे अंक परदेशी पाठवण्यास सरकारने काही महिने बंदी घातली. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाच्या आनंदोत्सवात, विद्यार्थ्यांच्या जमावाने केंब्रिजमधील ऑग्डेन यांच्या दुकानाची मोडतोड केली. शांतता आली त्याच दिवशी शांततेची बाजू मांडणाऱ्या पत्राला हा प्रसाद मिळाला!

या कवितांनी युद्ध एक दिवस तरी लवकर थांबले काय, असा प्रश्न विचारला जाईल. तसे म्हणण्यास आधार नाही. परंतु युद्ध संपल्यावर ‘आम्हांला काही ठाऊकच नव्हते’ असे म्हणण्याची सोय या छोट्या पत्रांनी ठेवली नाही, हे त्यांचे कार्य क्षुल्लक मानता येणार नाही. एखादे मत चार माणसांत तरी छापील स्वरूपात उपलब्ध असेल, तरच पुढची पिढी त्याचा शोध घेऊ शकते.

आज मजकूर प्रसृत करण्याचा खर्च जवळजवळ नाहीसा झाला आहे. त्यामुळे पर्यायी वृत्तपत्रांची निकड संपली, असा निष्कर्ष काढला जातो. तो घाईचा आहे. कागद स्वस्त झाला, जबाबदारी स्वस्त झालेली नाही. युद्धज्वर चढलेला असताना विरोधी स्वराखाली संपादक म्हणून आपले नाव घालणारा माणूस तेव्हाही दुर्मीळ होता आणि आजही आहे. अशा पत्राची वर्गणी भरणारा वाचक त्या संपादकाच्या खर्चातला आपला वाटा उचलत असतो. तो वाटा उचलणारे उरले नाहीत, तर कविता लिहिल्या जातील. पण त्या वेळेवर वाचायला मिळणार नाहीत.