पसंतीच्या रकान्यातला मनू

"तू आपल्यातली वाटतच नाहीस." आमच्या वस्त्यांमध्ये उजळ रंगाच्या मुलीला हे वाक्य कौतुक म्हणून ऐकवलं जातं. म्हणणारे आपलेच असतात. मुलगी लाजते, तिची आई सुखावते. पण आपल्यातलं असणं म्हणजे कुरूप असणं, हे आधी मान्य केल्याशिवाय हे कौतुक होऊच शकत नाही.

जोडीदार निवडताना रूप किती बघावं, हा विषय काढला की आमचे शिकलेसवरलेले मित्र म्हणतात, "आवड ज्याची त्याची. त्यात जात कशाला आणता?" आम्हाला या मित्रांशीच बोलायचं आहे.

अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात काम करताना आम्ही आपल्या समाजाचे अनेक वधू-वर परिचय मेळावे पाहिले. मंचावर तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमा, सुरुवातीला त्रिशरण-पंचशील. पत्रिका, गण, नाडी हद्दपार. याचा आम्हाला अभिमान आहे. पण फॉर्म हातात घेतला की नाव, शिक्षण, उंची आणि त्याखाली 'रंग'. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा मुलगा अपेक्षेच्या रकान्यात लिहितो, "गोरी, सुंदर, सुशिक्षित". तो स्वतः सावळा असतो. त्याला नोकरी विचारतात, रंग कुणी विचारत नाही. तपासायचं ते मुलीलाच.

शेवगाव तालुक्यातली एक मुलगी. नर्सिंग झालेली, आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे. पाहुणे पाहून गेले आणि निरोप आला, "मुलगी चांगली आहे, पण रंगानं जरा डावी. गाडीचं बघत असाल तर जमवून घेऊ." म्हणजे मोटारसायकल मिळाली की मुलीचा रंग चालतो. मग आम्ही विचारतो, ही आवड कसली? हा तर भाव झाला. मनापासूनची नावड असती, तर ती गाडीनं कशी मिटली असती?

आणि हा भाव ठरवला कुणी? २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृती जाळली गेली. त्या ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात कोणती मुलगी करावी आणि कोणती करू नये, याची यादीच आहे. पिंगट वर्णाची नको, अंगावर फार केस असलेली नको, आजारी नको, बडबडी नको. नाजूक अंगाची, हंसासारखी चालणारी करावी. आपल्या फॉर्ममधला अपेक्षेचा रकाना या यादीशेजारी ठेवून बघा. दरवर्षी २५ डिसेंबरला आपण मनुस्मृतीच्या दहनाची आठवण काढतो आणि मेळाव्यात तिचीच यादी नव्या कागदावर उतरवतो.

नाजूक अंग कुणाचं असतं? जिला उन्हात राबावं लागत नाही तिचं. पाथर्डी-शेवगावची बाई पहाटेपासून उसाच्या फडात कोयता चालवते, डोक्यावर मोळी वाहते. तिची कातडी रापते, हाताला घट्टे पडतात. कष्टाच्या या खुणांना कुरूप म्हणणारं सौंदर्यशास्त्र हे राबवून घेणाऱ्यांचं सौंदर्यशास्त्र आहे.

कुणी म्हणेल, सवर्णांतही काळे असतात आणि आपल्यातही गोरे. बरोबर आहे. रंगावरून जात ओळखता येत नाही. पण रंगावरून जात ओळखायची सवय आपल्या डोळ्यांना आहे, "आपल्यातली वाटत नाहीस" हे वाक्य त्या सवयीचाच पुरावा आहे.

आवड खासगी असते म्हणणाऱ्यांनी जामखेड तालुक्यातलं खर्डा आठवावं. १४ फेब्रुवारी २०१४ रोजी नागराज मंजुळेंचा 'फँड्री' प्रदर्शित झाला. त्यातला जब्या वरच्या जातीतल्या शालूसाठी काळी चिमणी शोधत रानोमाळ फिरतो. थिएटरात लोक हसले, हळहळले. अडीच महिन्यांत, २८ एप्रिलला, खर्ड्यात नितीन आगे या सतरा वर्षांच्या आपल्या पोराला सवर्ण मुलीशी संबंध असल्याच्या संशयावरून मारून टाकलं. २०१७ साली सत्र न्यायालयातून सगळे आरोपी निर्दोष सुटले. त्याआधी, १ जानेवारी २०१३ रोजी, नेवासा तालुक्यातल्या सोनईत मेहतर समाजातले तीन तरुण प्रेमप्रकरणावरूनच मारले गेले. कुणी कुणाकडे बघायचं हे जिथं जात ठरवते आणि चुकलं तर जीव घेते, तिथं आवड खासगी कशी?

मग आम्ही पोरांना जातीबाहेर प्रेम करू नका म्हणतो का? मुळीच नाही. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठातल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवलं, की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा प्राण आहे. १९३६ साली त्यांनी आंतरजातीय विवाह हा खरा उपाय सांगितला. आमचं म्हणणं इतकंच, की प्रेम जात मोडतं. गोरेपणाची हाव जात मोडत नाही, ती जातीची वरची पायरी शोधते. एक माणूस शोधते, दुसरी प्रमाणपत्र.

आकर्षणच नको, असंही आम्ही म्हणत नाही. एखाद्याचं हसू, बोलणं, चालणं आवडतं आणि ते आवडावंच. मन मारून कुणी कुणाशी संसार करू नये. पण आपल्या डोळ्यांना हे कुणी शिकवलं, एवढा प्रश्न तर विचाराल? शरणकुमार लिंबाळे यांचं 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' १९९६ साली आलं. कवितेचं सौंदर्यशास्त्र आपण बदललं. बायोडेटाचं कधी बदलणार?

आमची मागणी साधी आहे. आपल्या मेळाव्यांच्या फॉर्मवरून 'रंग' हा रकाना काढा. यंदापासूनच काढा. मंचावरून 'गोरी मुलगी हवी' असं वाचून दाखवू नका. रंगाच्या नावाखाली गाडी मागणाऱ्या घरी मुलगी देऊ नका. आणि "आपल्यातली वाटत नाहीस" असं कुणी म्हणालं, तर मुलींनो, लाजू नका. तिथंच विचारा, "आपल्यातली कशी असते?"

शेवगावच्या त्या मुलीनं गाडीवाल्यांना स्वतःच फोन करून नकार कळवला. बाप दोन दिवस बोलला नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "बरं केलंस." रकाना खोडायला इतकंच धैर्य लागतं.

जय भीम!