बदल दस्त्यात करा, नळीत नको

बर्मिंगहॅमच्या जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्या उतरवून उलट्या धरल्या, की बुडाशी सपाट पोलादावर बारीक ठसे दिसतात. १८१३ साली उभ्या राहिलेल्या तिथल्या प्रूफ हाउसने नेहमीपेक्षा जबर बार उडवून नळ्या पारखल्याची ती साक्ष. अशी बारा बोअर हाती आली, की नव्या मालकाला पहिली घाई असते ती अडीच इंची चेंबर, म्हणजे नळीच्या बुडाशी काडतूस बसायची जागा, पावणेतीन इंची करून घ्यायची. कारण बाजारातली बहुतेक काडतुसं त्या मापाची. मी म्हणेन, मुळीच करू नका.

गोम अशी, की काडतुसाची लांबी मोजतात ती बार उडून तोंड उलगडल्यानंतरची. म्हणून पावणेतीन इंची काडतूस अडीच इंची चेंबरमध्येही बिनबोभाट बसतं. बार होताच त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उलगडतं, वाट अरुंद होते आणि दाब चढतो. यावर उपाय म्हणून चेंबर खोदावं, तर पोलाद नेमकं जबर दाबाच्या जागचं जातं. मग पुन्हा प्रूफ हाउसला पाठवलेली नळी पारखीत नापास झाली, तर शंभर वर्षं टिकलेली वस्तू एका दुपारी संपते. आणि हे कशासाठी? इली, गेमबोअर आजही अडीच इंची चेंबरला चालणारी ६५ मिलिमीटरची काडतुसं बनवतात!

चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेला आवळ भाग, मोठा करण्याबद्दलही माझं हेच मत. इंग्लंडात १९९९पासून बदकांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत, आणि पोलादी छर्रे जुन्या, घट्ट चोकच्या नळीला घातक. म्हणून चोक घासण्यापेक्षा बिस्मथचा छर्रा वापरावा. महाग पडतो खरा, पण घासून काढलेलं पोलाद परत येत नाही.

आपल्याकडे काही घराण्यांत अशा बंदुका परवान्यावर आहेत. त्यांनी १९५९चा शस्त्र कायदाही ध्यानात ठेवावा; परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे.

दस्त्याचं मात्र वेगळं. तो पहिल्यापासून मालकाच्या हाताच्या, मानेच्या, गालाच्या मापानेच घडवलेला असतो. कारागीर दस्त्याच्या मानेवर गरम जवसाचं तेल सोडतो, अक्रोडाचं लाकूड नरमलं की साच्यात आवळून हळूहळू वाकवतो आणि तसंच निवू देतो. यात बंदुकीचा अपमान नाही. दस्ता तोकडा असेल तर मागे अक्रोडाचा तुकडा जोडावा. लांब असेल तर कापलेला तुकडा बंदुकीच्या पेटीतच जपून ठेवावा. पुढच्या मालकाचे हात लांब असू शकतात.